खांडेवरचा पहिला घाव

आमच्याकडं भातशेताचा बांध फोडून वरचं पाणी खाली सोडतात, त्या फटीला खांड म्हणतात. खांड फोडायची एक रीत आहे. वरच्या शेताचा मालक कुदळ घेऊन येतो आणि ती खालच्या मालकाच्या हातात देतो. पहिला घाव खालच्यानं घालायचा, दुसरा वरच्यानं. ज्याच्या शेतात पाणी येणार त्यानंच आधी बांध फोडला म्हटल्यावर पुढं त्याला कुरकुरायला जागा राहत नाही. आणि अशी खांड बुजवायची तर तीही दोघांनी मिळूनच. एकट्यानं बुजवली तर गाव तोंडावर बोलत नाही, पण त्याला घरी पाणी प्यायलाही कुणी बोलावत नाही. ना कागद, ना पंच. मला या रीतीचा मोठा अभिमान होता. अंगणवाडीतल्या पोरांनासुद्धा मी ती गोष्टीसारखी सांगायचे. लबाड माणसालाही ही रीत तितकीच उपयोगी पडते, हे काही मी पोरांना सांगितलं नव्हतं. मलाच कुठं ठाऊक होतं!

मी अंगणवाडीत सेविका होते. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक ओढा, एवढंच अंतर. वडलांनी जाण्यापूर्वी तळातलं एक शेत माझ्या नावावर केलं, आणि बाकीच्या जमिनीवरचा हक्क मी दादासाठी सोडला. आमच्याकडं बहिणी सोडतातच. बऱ्याचजणी मनातून चरफडत सोडतात, मी मात्र हसत सोडला. लहानपणी ओढ्याला पाणी आलं की दादा मला खांद्यावर बसवून पलीकडच्या शाळेत न्यायचा, आणि माझं दप्तर स्वतःच्या दातांत धरायचा. अशा भावाकडं जमिनीचा हिशेब कोण मागतं?

त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच खूळ होतं, दवाखाना. बाईचे दिवस भरले की कर्जत नाहीतर खोपोली गाठायची. पावसाळ्यात वाडीवरच्या बायकांना तर डोलीत घालून आधी डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं आणि मग टेंपो शोधायचा. एकजण टेंपोतच बाळंत झाली. तिचं बाळ मी माझ्या पदरानं पुसलं आणि घरी येऊन ठरवलं, की आता कुणी वेडी म्हटलं तरी चालेल. पंचायतीत गेले, तालुक्याला गेले, पुढाऱ्यांच्या दारात बसले. माझ्या तोंडाची ख्याती असल्यामुळं असेल, पण साहेबलोक मला बघितलं की चहा मागवायचे आणि काम पुढं सरकवायचे. शेवटी आरोग्य केंद्र मंजूर झालं. जागा मिळाली ती गावच्या गायरानाची, नेमकी माझ्या शेताच्या वरची.

दादा तेव्हा लहानसहान बांधकामाची कामं घेत होता. भराव आणि गटाराचं काम त्याला मिळावं म्हणून मुख्य ठेकेदाराजवळ मीच शब्द टाकला. माझा भाऊ आहे, काम चोख करील, असं म्हणाले. काम चोखच केलं म्हणा त्यानं.

गायरान होतं तोवर पावसाचं पाणी तिथल्या गवतात अडायचं, मुरायचं आणि झिरपत झिरपत खाली यायचं. इमारतीसाठी आता तिथं गुडघाभर उंच मुरूम पडला. पाणी मुरायला जागाच उरली नाही. वर स्लॅबचं पाणी, पुढं आवाराच्या फरशीचं पाणी, सगळं एकदम खाली धावणार. कामावरच्या इंजिनिअर बाई तरुण होत्या, पण हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. त्यांनी जमिनीवर चुन्याची फक्की ओढून मला गटाराची वाट दाखवली. भरावाच्या कडेनं, माझ्या शेताच्या कोपऱ्याला न शिवता, शेजारच्या दादाच्या पट्टीतून थेट ओढ्यात.

"मावशी, आवाराचं सगळं पाणी इथून जाईल," त्या म्हणाल्या. "तुमच्या शेतात थेंब जास्तीचा येणार नाही."

दादा बाजूलाच उभा होता. फक्कीशेजारी पाय रोवून म्हणाला, "माझ्या जागंतनं जातंय तर जाऊ दे. दवाखाना काय माझ्या एकल्याचा हाय? सगल्यांचा हाय."

मला भरून आलं. संध्याकाळी मी घरी नवऱ्याला हे वाक्य दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "ऐकलं गं, कान हायेत मला."

मग मे महिन्यात वळीव कोसळला आणि पायाचे खड्डे तुडुंब भरले. गटार अजून खणलेलंही नव्हतं. दादा सकाळीच माझ्या दारात आला, चहा घेतला, बशीत ओतून फुर्र करून प्याला आणि म्हणाला, "चल गं बांधावर. पंपानं पानी काढायचा हाय. तुझ्या शेतात सोडू, तसाही आता सुकाच हाय."

"किती दिवसाचं काम?"

"खड्डं सुकंपत्तूर. जास्ती काय?"

बांधावर त्यानं कुदळ माझ्या हातात दिली. मी घाव घातला, त्यानं घातला. नारळसुद्धा आणला होता. पंपाच्या पाण्याला नारळ कशाला, असं मी हसून विचारलं, तर म्हणाला, "वरशाची सुरुवात हाय, असू दे गं." वरच्या जागेचा मालक म्हणून तिथं खरं तर सरकारनं उभं राहायला हवं होतं. पण सरकार कुठं कुदळ घेऊन येतं? सरकारच्या वतीनं दादा. मला त्यात काही खटकलं नाही. समोर भाऊ होता, मी त्याच्या कुदळीकडं कशाला बघू!

खड्डे सुकले, काम धडाक्यात सुरू झालं. मी रोपासाठी पालापाचोळ्याचा राब भाजला, भात पेरलं, रोप चांगलं वीतभर वर आलं. अंगणवाडीच्या कामातून रोज काही शेताकडं जाणं होत नव्हतं. आषाढात दोन दिवस झडीचा पाऊस लागला. उघडीप मिळाली तशी शेतावर गेले.

रोप दिसतच नव्हतं. सगळीकडं तांबडा मुरूम, आणि त्यातून कुठंकुठं हिरवी टोकं. वर काँक्रीटचं नवं गटार तयार झालं होतं. भरावाच्या कडेनं छान सरळ यायचं आणि माझ्या कोपऱ्यावर काटकोनात वळायचं. त्याचं तोंड नेमकं आमच्या खांडेवर होतं. ओढ्याकडं जाणारी फक्की पावसानं केव्हाच धुऊन नेली होती. तिच्या जागी दादाच्या पट्टीला तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक. कळंबकडं अशी फाटकं जागोजाग दिसतात, शनिवार-रविवारच्या बंगल्यांची. आमच्याकडचं ते पहिलंच.

मी तशीच चिखलाच्या पायांनी दादाच्या पडवीत गेले.

"गिऱ्हाईक आलं," तो म्हणाला. आवाजात लाजही नाही, मस्तीही नाही. "मुंबईचं हाय. जागंतनं उघडं गटार गेल्यावर कोन घेनार, सांग."

"मग मला विचारायचं होतंस."

"विचारलं नाय? कुदळ कुनाच्या हातात दिली व्हती?"

वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं माझं तोंड बघितलं आणि तांब्या घेऊन परत आत गेली. मला एकदम तो नारळ दिसला. म्हणजे मे महिन्यात, माझा चहा पिताना, हे गिऱ्हाईक त्याच्या पोटात होतं. पंपाच्या पाण्याला खांड लागतच नव्हती. पंपाचा पाइप बांधावरून टाकला असता तरी चाललं असतं! एवढी साधी गोष्ट मला भातशेतात वाढून सुचली नाही, कारण मी भावाबरोबर रीत पाळत होते आणि तो माझ्याबरोबर व्यवहार करत होता.

इंजिनिअर बाईंची तोवर बदली झाली होती. नवे साहेब सभ्य होते. खुर्ची दिली, कागद उलगडले, म्हणाले, "वाट बदलली खरी, पण खालच्या मालकाची संमती आहे असं कळलं. तो बांध तुम्हीच फोडलात ना?"

गावात गेले. पारावर बसणाऱ्या जुन्या माणसांना तरी कळेल असं वाटलं. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं एकच विचारलं, "पयला घाव कुनाचा, पोरी?"

"माझा. पण तो पंपासाठी होता."

"पानी काय इचारून येतं, पंपाचं का पावसाचं?" तो म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी वाईट हेतूनं बोलत नव्हतं. गावानं पिढ्यान्पिढ्या भांडणं याच रीतीनं मिटवली होती, माझ्या एकटीसाठी ते ती कशी मोडणार?

दिवाळीच्या तोंडावर केंद्राचं उद्घाटन झालं. दादाला शाल मिळाली. त्यानं माईक हातात घेऊन सांगितलं, की या दवाखान्यासाठी माझ्या बहिणीनं मोठ्या मनानं पाण्याला वाट दिली. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या बायका वळून माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. चोरी करून वर त्याला दानाचं नाव द्यायचं, आणि दान करणाऱ्यालाच टाळ्या वाजवायला लावायच्या! मी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण उठून बोललेही नाही. समोर पांढऱ्या भिंती, नवी खाट, नर्सबाईंची खोली. ज्या दिवसासाठी मी चपला झिजवल्या तो दिवस माझ्याच तोंडानं कसा नासवू, असं वाटलं.

भाऊबीजेला मी गेले नाही. त्यानंही निरोप धाडला नाही.

हिवाळ्यात नवरा, मी आणि दोन बायका असं मिळून मुरूम खरवडून काढला. खाली माती होती ती जुनी होती, वडलांच्या हातची, हाताला लागली तेव्हा मला रडू आलं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा राब भाजला, पुन्हा पेरलं. आणि या खेपेला मी ठरवलं, रीत गेली खड्ड्यात. खताच्या रिकाम्या गोण्या मातीनं भरल्या, दगड लावले आणि दिवसाढवळ्या एकटीनं खांड बुजवली. रस्त्यानं जाणाऱ्या दोघा-तिघांनी बघितलं. बघू देत. केंद्राच्या दारात पाणी साचलं की साहेबांना गटाराची खरी वाट आठवेल, असा माझा हिशेब होता.

रोप वर आलं आणि पाऊस लागला. दुपारची वेळ. मी इरलं घेऊन बांधावर जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर मजा बघायला गेले होते. गटार भरलं, तोंडाशी तुंबलं, उलटं फिरलं. आवारात पाणी चढायला लागलं. पहिली पायरी गेली. माझ्या शेतात रोप हिरवंगार, नुसतं न्हात होतं. मला बरं वाटलं, लपवत नाही.

दुसरी पायरी गेली तेव्हा नर्सबाई आतून धावत आल्या आणि दारात गोधड्या अंथरायला लागल्या. त्यांच्यामागून एक बाई ताटानं पाणी बाहेर उडवत होती. मी तिला ओळखलं. वाडीवरची. तिची लेक माझ्या अंगणवाडीत खिचडी खाऊन मोठी झालेली, आणि त्याच सकाळी आत बाळंत झालेली. खाट खिडकीशी होती. मला बांधावरून तिचा उशीवरचा हात दिसत होता.

आईनं मला बघितलं. ताट तसंच हातात धरून ती ओरडली, "बाई! पानी आत आलं हो, बाई!"

ती मला मदतीला बोलावत होती. खांड कुणी बुजवली हे तिला माहीतच नव्हतं.

मी गोण्या ओढायला लागले. भिजून दगड झाल्या होत्या, हालेनात. नखं तुटली. शेवटी एक सुटली तशी बाकीच्या पाण्यानंच लोटल्या, आणि तांबडा लोंढा माझ्या पायांमधून शेतात शिरला. रोप क्षणभर उभं राहिलं, मग सगळं एका बाजूला झोपलं.

मागं वळले तर रस्त्यावर दादा. छत्री घेऊन उभा. कधीपासून उभा होता कोण जाणे. तो उतरून बांधावर आला आणि छत्री माझ्या डोक्यावर धरली.

"मला म्हाईत व्हतं तू उघडशील," तो म्हणाला.

तो हसत नव्हता, टोचतही नव्हता. आवाजात माया होती, अगदी जुनीच.

"त्या मुंबईवाल्यालाबी मी हेच सांगितलं व्हतं. तो इचारत व्हता, उद्या बहीन अडून बसली आन् गटार परत हिकडं वलवलं तर? मी म्हनलो, तिचा दवाखान्यात जीव हाय. ती पानी वर जाऊ देनार नाय. बिनधास घे."

त्या जमिनीबरोबर त्यानं मलाही विकलं होतं. खांद्यावर घेऊन ओढा ओलांडताना ज्या बहिणीला त्यानं ओळखलं, तिचीच हमी देऊन. त्यानं मला ओळखलं नसतं तर मी कधीतरी माफ केलं असतं.

मी छत्रीखालून बाहेर आले. आत बाळ रडत होतं, आणि नर्सबाईंना पाणी काढायला आणखी दोन हात हवे होते.