सरदाराला मी हात लावला नाही

‘ओंजळ धर. वरून ओततो.’

हे केदार बोलला. आवाज जाडा करून, गोष्टीतल्या गावकऱ्याच्या तोंडून बोलला. आणि मी खरंच ओंजळ धरली. खेळताना हातवारे करायची सवय लागली होती आम्हाला. तलवार म्हटलं की हात उठायचा, दार म्हटलं की ढकलायला पुढे जायचा. शेजारी मिहीर बसला होता. त्यानं प्यायच्या पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं आणि वरून, हातभर उंचीवरून, माझ्या ओंजळीत पाणी ओतलं.

केदार पुढे वर्णन करत राहिला. ‘पाणी कोपरापर्यंत ओघळतंय. सदरा भिजलाय.’

सगळे हसले. मिहीर सगळ्यात मोठ्यानं. मी पण हसले. का हसले ते आजही कळत नाही, आणि त्या हसण्याचा मला त्या पाण्यापेक्षा जास्त राग येतो. माझ्या पात्राच्या अंगात सदरा नव्हताच, झगा होता. सदरा माझ्या वडिलांचा होता. ते कसं, ते सांगते.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या एका बिल्डिंगमध्ये राहायचो. खेळ व्हायचा मीरा रोडला, एका सोसायटीच्या हॉलमध्ये, दर रविवारी दुपारी. आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हता असला खेळ. केदारनं सायबर कॅफेतून नियम छापून आणले होते, त्याच्या झेरॉक्स आमच्याकडे. पट नाही, पत्ते नाहीत. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट बोलत बोलत पुढे न्यायची. एकजण मास्टर. गावं, राक्षस, वाटेत भेटणारी माणसं, सगळं त्याच्या तोंडून. लढाईत, संकटात पुढे काय होणार ते फासा ठरवायचा. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. आपलं पात्र काय करणार ते फक्त आपण सांगायचं. मास्टरनंसुद्धा त्यात तोंड घालायचं नाही.

या नियमासाठी मी जायचे. घरी, कॉलेजात, बिल्डिंगमध्ये माझ्या वतीनं दुसरेच कोणीतरी बोलायचे. इथं मी म्हणेन ते व्हायचं. रविवारची वाट बघायचे मी.

मास्टर केदार. माझा सगळ्यात जवळचा मित्र, त्यानंच मला तिथं नेलं. सलीम म्हणून एक मुलगा होता, त्याचा तिरंदाज. मिहीरचा सरदार, उंच कुळातला, चिलखत घालून फिरणारा. आणि माझी वैद्य. नियमात स्पष्ट लिहिलं होतं, वैद्यानं जखमीला हात लावला की जखम भरते. लांबून नाही.

मिहीर म्हणजे डोक्याला ताप होता. फासा वाईट पडला की म्हणायचा, टेबल हललं, परत टाकतो. दुसऱ्याचं बोलणं तोडायचा. सलीमनं हरणावर नेम धरला की बाण सुटायच्या आत मिहीरचा सरदार ते हरण मारून मोकळा. पण त्याचे वडील सोसायटीचे सेक्रेटरी, हॉलची किल्ली त्यांच्याकडे. अडला हरी गाढवाचे पाय धरी. केदार तर त्याला पाणीसुद्धा विचारून प्यायचा.

आता सदऱ्याचं. त्या रविवारच्या थोडं आधी केदार आणि मी बसनं उत्तनला गेलो होतो. सुकत घातलेल्या मासळीच्या पलीकडे एका कट्ट्यावर बसलो होतो. केदारनं विचारलं, तुमच्या दारावर आडनाव का नाही गं? मी सांगितलं. आम्ही बौद्ध, परभणीकडचे. भाईंदरला जागा बघताना एजंट आधी आडनाव विचारायचे आणि मग जागा गेली म्हणायचे. तेव्हापासून वडील नुसतं नाव आणि बापाचं नाव लावतात. मग मी त्याला ते पण सांगितलं, जे वडिलांनी मला एकदाच सांगितलं होतं. गावच्या शाळेत त्यांना माठाला हात लावू द्यायचे नाहीत. शिपाई वरून पाणी ओतायचा, ते ओंजळीनं प्यायचे. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, सदरा भिजायचा, आणि ओल्या सदऱ्यानं वर्गात बसलं की मास्तर मारायचे. वडील आज सरकारी ऑफिसात आहेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालतात, आणि पाण्याचा ग्लास अजून दोन्ही हातांनी धरतात.

केदारचे डोळे भरून आले होते. म्हणाला, मी कुणाला नाही सांगणार. मला वाटलं, हा आपला माणूस.

त्यानं केसानं गळा कापला. पाणी अंगावर पडल्यावर, खेळ संपला तेव्हा मी त्याला गेटबाहेर गाठलं. विचारलं, तू हे गोष्टीत घातलंस?

‘अगं, मी नाही बोललो. तो गावकरी बोलला,’ तो म्हणाला. ‘आणि गोष्टीत जरा खरेपणा नको का? तुझं नाव कुठे घेतलं मी?’

इतकं सरळ उत्तर होतं की भांडावं कशाशी तेच कळेना. मी पुढच्या रविवारी परत गेले. मला ती वैद्य सोडवत नव्हती.

पण मिहीरला चटक लागली. त्याचा सरदार आता माझ्या शेकोटीजवळ बसेना. मी रांधलेलं खाईना. जंगलातून जाताना माझी सावली नको म्हणून पुढे चालायचा. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून हसत सांगायचा, मी नाही हां, सरदार असा आहे. मी काही म्हटलं की, पर्सनली काय घेते, गेम आहे. केदार मान खाली घालून वर्णन करायचा, वैद्य लांब बसलीय. मी कुठं म्हटलं होतं लांब बसलीय? सलीम फासे बघत बसायचा. मला वाटायचं एखादा तरी म्हणेल, बस कर. कुणी म्हटलं नाही. घरी येताना मी दर वेळी ठरवायचे आता जायचं नाही, आणि जायचे.

मग ती गुहा आली. आत राक्षस. मिहीरचे फासे एकामागून एक वाईट पडले, आणि यावेळी टेबल हललं म्हणायलाही त्याला तोंड राहिलं नाही. सरदार रक्ताच्या थारोळ्यात. वर्षभर वाढवलेलं त्याचं पात्र शेवटचे श्वास मोजत होतं. गुहेत वाचवू शकेल अशी एक मीच.

‘लांबून कर,’ मिहीर म्हणाला. ‘हात लावायचा नाही.’

मी म्हटलं, नियम हाताचा आहे. केदारनं झेरॉक्सची पानं चाळली. वाचलं काहीच नाही, नुसती चाळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘ठीक आहे, यावेळी लांबून चालेल.’

माझ्या हाताची गरज पडेल असा सगळ्या खेळात एकच नियम होता. तो त्यानं मिहीरसाठी मोडला. उत्तनच्या कट्ट्यावर रडलेल्या माणसानं मोडला.

‘माझी वैद्य काही करत नाही,’ मी म्हटलं.

‘म्हणजे?’

‘म्हणजे उभी आहे. बघतेय.’

केदार म्हणाला, अगं, तो मरेल. मी म्हटलं, त्याला जगायचं असेल तर त्यानं म्हणावं, हात लाव.

सगळे मिहीरकडे बघायला लागले. दोन शब्द होते. तेही खेळातले. ते म्हटल्यानं कुणाचं काही बाटणार नव्हतं, समोर ना गुहा होती ना रक्त, एक प्लास्टिकचं टेबल आणि वेफर्सचं पाकीट. पण ते दोन शब्द त्याच्या तोंडून निघेनात. तो लाल झाला, केदारकडे बघत राहिला. तेव्हा मला कळलं की सरदार वगैरे कधी नव्हताच. पहिल्या दिवसापासून मिहीरच होता.

केदारनं फासा टाकला. सरदार मेला.

मिहीर उठला तशी खुर्ची मागे पडली. ‘खेळात पण यांना डोक्यावर बसायचंय,’ तो म्हणाला.

‘यांना म्हणजे कोणाला?’ मी विचारलं.

त्यानं केदारकडे बोट केलं. ‘याला विचार. यानंच सांगितलं ना मला सगळं.’

केदारनं नाही म्हटलं नाही. तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘सॉरी बोलून टाक त्याला. हॉल जाईल आपला.’

‘आपला’ म्हणाला. मी माझी ओढणी घेतली आणि बाहेर पडले. रिक्षा न करता चालत भाईंदरपर्यंत आले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते मिहीरसाठी नव्हतं. मिहीर पहिल्यापासून जसा होता तसाच होता. केदारला मी माझ्या बापाचा भिजलेला सदरा दाखवला होता, आणि त्यानं तो हॉलच्या किल्लीसाठी वापरला.

पुढच्या आठवड्यात सलीमचा घरच्या फोनवर फोन आला. ‘सुन, केदार बोला वो सेशन गिनती में नहीं है,’ तो म्हणाला. ‘सरदार जिंदा है. तेरी हकीम को अब केदार चलाता है. उसने हाथ लगाए बिना ठीक कर दिया उसको.’

माझं पात्र काय करणार ते फक्त मी सांगायचं होतं. तेवढं एकच माझं होतं तिथं. तेही त्यांनी उचललं आणि सरदाराच्या सेवेला जुंपलं.

सलीम म्हणाला, मैं भी उस दिन कुछ नहीं बोला, सॉरी. मी विचारलं, ‘इस संडे बोला क्या?’ आणि मी फोन ठेवला.

केदार नंतर बरेच दिवस बोलावत राहिला. ये ना, सगळे विसरलेत. विसरणारच. त्यांच्या गोष्टीत ते घडलंच नाही.

माझ्या गोष्टीत घडलंय. सरदार मेला. मी उभी होते, हात मोकळे होते, मी लावला नाही. त्यांनी कितीदा उठवला तरी मी त्याला मेलेलाच धरते.

पुढे ऑफिसात, लग्नाच्या बोलणीत, भाड्याची जागा बघताना मला असले सरदार पुष्कळ भेटले. मी नाही हो, आमचे घरचे तसे आहेत. मी नाही, सोसायटीचा नियम आहे. हसून सांगतात, आपण समजून घ्यावं म्हणून. मी समजून घेत नाही. मी एकच विचारते, तोंड कोणाचं होतं? आणि उत्तर येईपर्यंत त्यांच्या कुठल्याही जखमेला मी हात लावत नाही.