मी पसंत पडले तेव्हा

मला बघायला येणाऱ्यांच्या बोलण्यातला 'पण' मी लांबूनच ओळखायचे. "मुलगी गुणी आहे, शिकलेली आहे, पण..." एवढं बोलून माणसं थांबायची, आणि त्यांची नजर माझ्या दंडांवरून फिरून दाराकडं जायची. पाहुणे गेले की आई मोठ्यानं भांडी घासायला बसायची. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि तेरच्या अंगणवाडीत नुकतीच लागले होते. दर महिन्याला गावातल्या लेकरांची वजनं करायचे. स्वतः मात्र कैक वर्षांत काट्यावर उभी राहिले नव्हते.

सातवं की आठवं स्थळ लोहाऱ्याकडचं आलं. मुलगा लाइनमन होता. सोबत त्याचे चुलते आणि मोठी बहीण. मावशीनं मला मुद्दाम गडद रंगाची साडी नेसवली आणि म्हणाली, "जरा अंग चोरून बस." ते मला शिकवायची गरज नव्हती. चहापोहे झाले, ठरलेले प्रश्न झाले, आणि चुलते म्हणाले, "दोघांना जरा बोलू द्या."

मागच्या अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या होत्या. मी उभीच राहिले. माझ्याखाली तसली खुर्ची कशी करकरते ते मला ठाऊक होतं. मग तोही उभाच राहिला.

"तुम्ही एवढं हळू का बोलताय?" त्यानं विचारलं. "मघाशी आम्ही गाडीवरनं उतरलो, तवा शेळीला हाकलताना लई मोठा आवाज होता की तुमचा."

मला हसू आवरलं नाही. तोही हसला. मग त्यानं सांगितलं, की त्याला उंचीची भीती वाटते. "रोज खांबावर चढतो, पण खाली बघत न्हाय. साहेबांना सांगू नका." मी त्याला अंगणवाडीतल्या लेकरांच्या गमती सांगितल्या. पंधरा-वीस मिनिटं आम्ही बोलत होतो. तेवढ्या वेळात मी एकदाही पदर ओढून घेतला नाही, हे ते लोक गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला: मुलगी पसंत आहे. आईच्या डोळ्यांना धार लागली. वहिनीनं शेजारी साखर वाटली. मला मात्र वेगळीच शंका आली. याच्यात काहीतरी खोट असणार, नाहीतर मला कशाला हो म्हणेल? मी दादाच्या मागं लागले, "पितो का बघ. आधी लग्न झालेलं हाय का बघ." दादा दोन दिवस तिकडं हिंडून आला.

"माणूस चांगला हाय," तो वैतागून म्हणाला. "आता अजून काय पायजे तुला?"

खोट सापडेना, तेव्हा मी एकच अर्थ लावला. त्याला माझी कीव आली असणार. लग्नात त्याचे मित्र एकमेकांना कोपरानं ढोसतील, आणि वर्षभरात त्याचीही नजर दाराकडं जाईल. हे सगळं मला घडून गेल्यासारखं दिसत होतं. त्यानं दादाच्या फोनवर फोन केला, तेव्हा मी एका दमात म्हणाले, "मला कुणाची दया नको. माझी पसंती नाही."

मग तो म्हणाला, "दया? कसली दया?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. आवाजावरून ते मला समजलं, आणि तरीही मी फोन दादाच्या हातात दिला.

पुढं एकदा मी हट्टानं चौदा किलो वजन कमी केलं. ब्लाउज सैल झाले, बायका कौतुक करू लागल्या. पण दुकानाच्या काचेत चालणारी बाई मला होती तेवढीच दिसायची. हळूहळू वजन परत आलं. स्थळं यायची थांबली होती. त्या वीस मिनिटांची आठवण मात्र यायचीच, कधी लेकरांना खिचडी वाढताना, कधी खांबावर कुणी चढलेलं दिसलं की.

गेल्या हिवाळ्यात बार्शीला मावशीकडं जायला निघाले होते. येडशी स्टेशनवर तो दिसला. कानाजवळचे केस पांढरे झालेले. शेजारी पोपटी साडीतली बायको आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. बायको अंगानं माझ्याएवढीच होती, कदाचित थोडी जास्तच. पेरूला तिखट-मीठ लावून खात होती आणि कशावरून तरी अंग हलेपर्यंत हसत होती. मी वळणार तेवढ्यात त्यानं हाक मारली.

"ओळखलं का? तेरला आलो होतो आम्ही." मग बायकोला म्हणाला, "ह्यांना बघायला गेलतो मी. ह्यांनीच नको म्हणलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. "बरं केलं ताई, माझी सोय झाली," म्हणाली आणि पुन्हा हसली. "बसा की. आपण दोघी बसलो की बाक भरला बघा!"

मी बसले. आपल्या अंगाबद्दल एवढं सहज बोलणारी बाई मी तोवर बघितली नव्हती. तिनं पेरूची फोड माझ्या हातावर ठेवली आणि तो तिच्याकडं बघत होता, तसाच, जसा त्या दिवशी अंगणात माझ्याकडं बघत होता. मी ज्याला कीव समजले होते ते हेच होतं.

त्यांची लातूरकडची गाडी आधी आली. मुलगी खिडकीतून हात हलवत राहिली. फलाट रिकामा झाला. मी अंग न चोरता त्याच बाकावर बसून राहिले. माझ्या गाडीला अजून अवकाश होता, आणि तिला आणखी उशीर व्हावा असं मला वाटत होतं.