हातगुण आणि जैतूनचं तेल

आमच्या शेजारचा अमेरिकन इंजिनीअर आठवडाभर खाकी अर्ध्या चड्डीत वाळवंट मोजत फिरायचा आणि शुक्रवारी सकाळी टाय बांधून स्वतःच्याच बैठकीच्या खोलीत पाद्री व्हायचा. मला हे काही केल्या कळायचं नाही. पाद्री म्हणजे लांब झगा आणि गळ्यात क्रूस, एवढं तर मला रत्नागिरीला असतानाही माहीत होतं. हा माणूस टेबलावर पावाचे तुकडे आणि छोट्या पेल्यांत पाणी ठेवायचा, गुडघे टेकून दोन वाक्यं बोलायचा, आणि बायको, दोन मुली, कॅम्पवरून आलेला एखाददुसरा अमेरिकन ते तुकडे खायचे. तासाभराने तोच पाद्री बाहेर येऊन गाडीखाली आडवा झालेला दिसायचा, हात ग्रीसने काळे.

"हे मॉर्मन आहेत," आमचे हे म्हणाले. "यांच्यात सेपरेट पाद्री नसतो. हर एक बाप्या पाद्री. नीट वागणारा पाहिजे, बस."

"आणि बायका?"

"बायका नाही."

"म्हणजे आपल्यासारखंच की," मी म्हटलं, आणि ते हसले.

हा साठच्या दशकातला काळ. बर दुबईतली देवळाची गल्ली आणि कापडाची दुकानं मागे टाकली की पुढे मनखूलला नुसती वाळू होती. तिथे कंपनीने ओळीने काही घरं बांधली होती. एक इंजिनीअरचं आणि त्याच्या कुशीला, जरा लहान, ते आमचं. आमचे हे कंपनीत स्टोअरकीपर. आम्ही कोकणी मुसलमान, शेजारी अमेरिकन, आणि दोघांनाही आजूबाजूला आपलं म्हणावं असं माणूस नव्हतं, त्यामुळे येणंजाणं वाढलं. पण पाहुणचार करायचा कसा, हा प्रश्नच होता. ती माणसं चहा पीत नसत. कॉफीही नाही. पहिल्यांदा आली तेव्हा मी वेलची कुटून चहा केला, तर दोघांनी कपावर हात ठेवले. मला असा राग आला! मग समजलं की ते अरबांच्या मजलिशीतही कहव्याच्या, म्हणजे त्यांच्या कॉफीच्या, पेल्यावर असाच हात ठेवतात. तेव्हा राग गेला, पण चहा न पिणाऱ्या माणसाशी गप्पा माराव्यात कशा हे कोडं राहिलंच. महिन्यातून एकदा ते उपास करत, पाणीसुद्धा न पिता. ते मात्र मला मनापासून पटलं.

आता माझं सांगते. दुबईला येण्याआधी माझी मुलगी गेली होती. तान्ही होती. तिला मी रोज पायावर घेऊन न्हाऊ घालायची, तेल चोळायची, टाळू भरायची. एके दिवशी ताप आला आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. माझी सासू वाईट बाई नव्हती. पण त्या दिवशी, सगळ्या बायका बसलेल्या असताना, ती रडता रडता म्हणाली, "हिच्या हाताला गुण नाय गो." एकदाच म्हणाली. पुन्हा कधी काढलं नाही. पण माझ्या काळजात ते जाऊन बसलं ते बसलंच. तेव्हापासून मी कुणाचंही मूल हातात घेत नसे. घ्यायची वेळ आली तर पाणी आणायला उठायची.

आणि मनखूलला आल्यावर मला पुन्हा दिवस गेले. मी ठरवूनच टाकलं: बाळंतपणाला मुंबईच्या बोटीने गावी जायचं, आणि बाळ सरळ जावेच्या हाती सोपवायचं. तिची सगळी मुलं धडधाकट होती. निदान चालायला लागेपर्यंत तिने सांभाळावं, मग मी. ह्यांना ते अजिबात मान्य नव्हतं. "अगो, मूल तुझं, आणि मोठं करणार दुसरीच? ये कोई बात हुई?" मी म्हणायची, मूल जगलं पाहिजे, कुणाच्या हातून ते महत्त्वाचं नाही. खाडीपलीकडच्या देऱ्यातला बोटीचा एजंट ह्यांना भेटेल तिथे विचारायचा, बुकिंग करू का, आणि हे सांगायचे, इन्शाल्ला, कळवतो.

अशात शेजारणीला मुलगा झाला. इस्पितळातून घरी आली तेव्हा मी दारातूनच बाळ पाहिलं, कौतुक केलं आणि परत आले.

थोड्याच दिवसांनी एका दुपारी ते बाळ रडायला लागलं. इंजिनीअर वाळवंटात कॅम्पवर. रडणं थांबेचना. मी इकडे भांडी घासत बसले, मग घासलेलीच पुन्हा घासली. शेवटी राहवेना म्हणून गेले. शेजारीण दारातच उभी होती, डोळे लाल, स्वतःच तापलेली. मुली कोपऱ्यात बसलेल्या. नवऱ्याला आणायला ड्रायव्हर गेला होता, पण तो येईस्तोवर संध्याकाळ होणार होती. तिने मला काही विचारलं नाही. बाळ माझ्या हातात दिलं आणि पलंगावर बसली ती बसल्या बसल्या झोपली.

पाणी आणायला उठायची सोयच नव्हती. बाळाचं पोट ढोलासारखं टणक झालेलं. मला काय करायचं ते ठाऊक होतं, हातांना तर पाठच होतं. तेल हवं होतं. स्वयंपाकघरात पांढऱ्या चरबीचा डबा होता, पण कोणत्या जनावराची ती अल्ला जाणे, मी शिवले नाही. मग फळीवर एक छोटी बाटली दिसली. वास घेतला, जैतूनचं, म्हणजे ऑलिव्हचं तेल. हे तर आपल्याकडेही बरकतीचं मानतात. बिस्मिल्ला म्हटलं, बाळाला पायावर घेतलं, तेल तळहातावर कोमट केलं आणि बेंबीभोवती फिरवलं. गुडघे पोटाशी दुमडले, सोडले, पुन्हा दुमडले. तळपाय चोळले. बराच वेळ काही नाही. मग बाळाने असा काही वारा सोडला की मोठी मुलगी कोपऱ्यातून ओरडली, "ओ माय गॉड!" बाळ गप्प झालं. उरलेलं तेल मी टाळूवर घातलं, तीनदा फुंकर घातली, आणि ते माझ्या पायावरच झोपलं.

दिवेलागणीला दोघं पुरुष आले. इंजिनीअर आणि त्याच्याबरोबर कॅम्पवरचा एक पोरगा, मिसरूडसुद्धा धड न फुटलेला, आणि त्याला म्हणायचे एल्डर, म्हणजे वडीलधारा! दोघं धुळीने माखलेले. बाळ झोपलंय हे पाहूनही त्यांनी हातपाय धुतले, केस विंचरले, टाय बांधले. आमचे हेही मला शोधत आले होते, दारात उभे राहिले. इंजिनीअरने फळीवर हात घातला. बाटली रिकामी.

शेजारीण जागी झाली होती. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही.

त्याने ह्यांच्यामार्फत मला विचारलं, "डोक्यावर घातलंत?"

"टाळूवर. आणि पोटाला."

"घालताना काही म्हणालात?"

"बिस्मिल्ला म्हटलं. अजून काय म्हणणार?"

इंजिनीअर ह्यांना बराच वेळ काही सांगत राहिला. मग ह्यांनी मला समजावलं. ते तेल स्वयंपाकाचं नव्हतं. त्यावर दुवा करून ते आजाऱ्यांसाठी बाजूला ठेवलेलं असतं. ज्याला यांच्या चर्चने अधिकार दिलाय असा एकजण त्याचा एक थेंब आजाऱ्याच्या डोक्यावर ठेवतो, दुसरा हात ठेवून बोलतो. बोलायचं ते पाठ केलेलं नसतं, त्या वेळी जे वरून सुचेल ते.

"एका थेंबाने काय होणार?" मी म्हटलं. "आणि पोट तर खाली आहे."

ह्यांनी त्याचं भाषांतर केलं नाही.

पुढे जे झालं त्याने तर मी आणखीनच चक्रावले. ड्रायव्हरला बाजारात पिटाळून नवं तेल मागवलं. त्यावर टेबलाशी बसून दुवा केली. आणि मग, बाळ शांत झोपलेलं असताना, टाळू आधीच तेलाने चकाकत असताना, त्यावर नवा थेंब ठेवला. दोघांनी हात ठेवले. इंजिनीअरने बाळाचं नाव घेतलं आणि मग तो गप्पच. एवढा वेळ गप्प की माझी चुळबुळ सुरू झाली. शेवटी दोन-तीन वाक्यं बोलला. बरं कर, म्हणाला, आणि ज्या हातांनी याला सांभाळलं त्यांनाही. बरं झालेल्या मुलाला बरं कर म्हणायचं, हे काय? पण शेजारीण डोळे पुसत होती.

दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली. तिच्या इंग्रजीतलं मला निम्मं कळायचं, निम्मं तिच्या हातवाऱ्यांवरून. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, तुला देणगी आहे. यांच्या किताबात म्हणे लिहिलंय, वरून एकेकाला एकेक देणगी मिळते. कुणाला परक्या भाषा बोलता येतात, कुणाला माणूस ओळखता येतो, कुणाला आजार बरा करता येतो, आणि कुणाला नुसती बरं होण्याची श्रद्धा मिळते. त्यात बाई-बाप्या असं काही नाही.

मी हात ओढून घेतले. मला इतका संताप आला की इंग्रजी होतं नव्हतं ते सुटलं. "माय बेबी डाय," मी म्हटलं. "सेम हँड. सेम ऑइल. देन व्हेअर गिफ्ट?"

ती पांढरीफटक पडली. उठली आणि माझ्याच मोरीत जाऊन माझे कप विसळत उभी राहिली. कप स्वच्छच होते.

तिचा नवरा मात्र ह्यांना म्हणाला होता की बाळाला गॅस झाला होता आणि मालिशने तो गेला. आमच्या ह्यांचंही तेच. "मसाज होता, खलास. त्यात चमत्कार, मोजिजा कसला? तू फक्त टिकट बुक करायचं की नाही ते सांग." म्हणजे शेजारीण म्हणते देणगी, तिचा पाद्री नवरा म्हणतो गॅस, आणि सासू म्हणून गेली की गुण नाही. हात तेच! मी ते उलटेसुलटे करून बघायची. त्यावर काय लिहिलेलं असणार? भांडी घासून घासून बोटं रापली होती, एवढंच.

शेवटी मी ठरवलं की या माणसालाच विचारायचं. शुक्रवारी त्यांचं पाव-पाणी उरकल्यावर तो व्हरांड्यात टाय सोडत बसला होता. मी ह्यांना घेऊन गेले आणि म्हटलं, याला सांगा, माझ्या हातांवर ते तेल ठेव आणि गुण दे. आहे की नाही हा वादच मिटेल. मग मी बोटीने जाणार नाही.

हे आधी तयारच होईनात. परक्या पुरुषाचा हात बायकोच्या हाताला, तोही पाद्र्याचा! मी म्हटलं, नुसतं विचारा तर खरं.

त्याने नीट ऐकून घेतलं. मग मान हलवली. असं देता येत नाही, म्हणाला. देणगी देणारा मी नव्हे. मला फक्त मागता येतं.

"मग तुमचं मागणं कधी फुकट नाही गेलं?"

"अगो, असं नाही विचारत," हे मराठीत म्हणाले.

"विचारा."

त्यांनी विचारलं. इंजिनीअर टायची गुंडाळी करत बसला, सोडली, पुन्हा केली. मग हळूहळू बोलायला लागला, आणि आमचे हे मला सांगत गेले.

"म्हणतात, यांना एक मुलगा होता. दोन मुलींच्या मधला. आजारी पडला तेव्हा यांनीच डोक्यावर तेल ठेवलं, हात ठेवले, आणि सांगितलं की तू बरा होशील. तेव्हा यांना पक्कं वाटलं होतं की हे शब्द वरूनच येतायत. बायकोनेही ऐकले. नाही झाला बरा."

आतून शेजारणीच्या भांड्यांचा आवाज येत होता. मला तिचं कप विसळणं आठवलं.

"चुकलं कुठे?" मी विचारलं. मला खरोखर हवं होतं ते उत्तर. मी त्याच्यावर ओरडलेसुद्धा असेन. "अधिकार कमी पडला? की ऐकण्यात चूक झाली? की वरच्याचीच मर्जी नव्हती?"

"म्हणतात, माहीत नाही. तेव्हापासून हात ठेवला की काय बोलावं हे सुचत नाही. भीती वाटते."

"मग ठेवता कशाला? त्या दिवशी तर बाळ झोपलंही होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला समजेल अशा सोप्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, तिने बोलावलं. मग मी जातो.

एवढंच. मी उठून घरी आले. मी गेले होते हो किंवा नाही ऐकायला, आणि आणले होते आणखी प्रश्न. हा माणूस पाद्री, याच्याकडे अधिकार, किताब, बरकतीचं तेल, आणि याला माझ्याइतकंच माहीत! मला त्याचा राग आला, कीव आली, आणि का कोण जाणे, थोडं हलकंही वाटलं. त्यातलं खरं कोणतं ते मला ठरवता आलं नाही. एजंटने पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बोट गेली. पुढच्या बोटीपर्यंत मला प्रवास झेपेल असं राहिलं नव्हतं, आणि मी त्यावर रडले की सुटकेचा श्वास सोडला हेही आता धड आठवत नाही.

मुलगा झाला. घरी आणला तेव्हा शेजारीण त्याला न्हाऊ घालायला तयार होती, पण तिची पद्धत म्हणजे टबात बुचकळून काढायचं, बशी धुवावी तसं. मी तिला नको म्हटलं. हे बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. मोरीत पाणी तापलेलं होतं, तेल वाटीत काढलेलं होतं, आणि मी पाटावर पाय पसरून नुसती बसून राहिले. माझ्या हाताला गुण आहे की नाही, मला कुणी सांगितलं नव्हतं. बाळ रडायला लागलं. मी त्याला पायावर घेतलं.