नंबर लागला की येतो

आमच्या घरी बाळंतकळा ही लपवायची गोष्ट होती. आई म्हणायची, जितक्या कानांवर जातं तितक्या कळा लांबतात. पोटात दुखायला लागलं की बाईनं दार ओढून घ्यावं, घरातल्या पुरुषांनी विचारू नये, आणि मूल रडलं की मगच गावाला कळावं. तिच्या आईनं तिला हे शिकवलं होतं. तिनं तिन्ही बाळंतपणांत ते पाळलं आणि आम्ही तिघंही धडधाकट जन्मलो. एवढा पुरावा रोज समोर बसून जेवत असताना तिच्याशी वाद कोण घालणार?

मी आता भंडाऱ्याच्या एका कॉलेजात संगणक शिकवतो. दर वर्षी एक धडा येतो, त्यात सर्वांत तातडीचं काम सर्वांत मागे कसं पडतं हे समजावून सांगायचं असतं. मी पुस्तकातलं उदाहरण फळ्यावर काढतो आणि मोकळा होतो. माझ्याजवळ दुसरं उदाहरण आहे, पण ते वर्गात काढायची माझी इच्छा नसते.

ही गोष्ट मी भंडाऱ्यालाच शेवटच्या वर्षाला शिकत होतो त्या हिवाळ्यातली. प्रोजेक्ट म्हणून मी एक छोटं कर्नेल लिहीत होतो. कर्नेल म्हणजे संगणकाच्या आतला कारभारी. यंत्राचं डोकं एकच असतं, कामं अनेक. त्या एकेका कामाला थ्रेड म्हणतात. आता कोणाला चालवायचं आणि कोणाला थांबवायचं, हे कारभारी ठरवतो. माझा कारभारी अगदी साधा होता. प्रत्येक थ्रेडला एक आकडा दिलेला, आणि ज्याचा आकडा मोठा तो आधी. याहून सरळ न्याय कोणता, असं मला वाटायचं. त्या वयात माणसाला स्वतःचा न्याय फार आवडतो.

पण प्रोग्राम मध्येच गोठायचा. बाकीची कामं सुरळीत चालायची आणि अडकून बसायचा तो नेमका सर्वांत मोठ्या आकड्याचा थ्रेड. मी डोळे फुटेस्तोवर शोधलं. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, सगळं पुसून नव्यानं लिही. सरांकडे सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध होतं.

आमचं गाव सानगडीच्या पलीकडे. बाबा गेल्यापासून शेती दादा बघायचा. त्याचं लग्न व्हायचं होतं. घरात एक जुनी पिकअप होती, तीच धान वाहायची, तीच लग्नाला जायची. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. धानाची मळणी होऊन कट्टे, म्हणजे पोती, भरून ठेवले होते, आणि त्या दिवशी पहाटेच दादा पिकअप भरून सरकारी खरेदी केंद्रावर गेला.

केंद्रावरची रांग ज्यानं पाहिली नाही त्याला सांगतो. एकामागे एक ट्रॅक्टर, ट्रॉल्या, पिकअप अशा चिकटून उभ्या असतात की मधून माणूस आडवा होऊन जातो. एका बाजूला नाला होता, दुसऱ्या बाजूला पोत्यांची थप्पी. एकदा आत शिरलेली गाडी माप झाल्याशिवाय बाहेर निघत नाही. दादाचा नंबर त्या दिवशीच्या यादीत शेवटचा होता. त्यात आदल्या दिवशी ज्यांचं माप राहिलं होतं ते एकेक करून मागे येऊन उभे राहत होते, हमाल त्यांची पोती खांद्यावरून पुढे काट्यावर नेत होते, आणि त्यांचा हक्क आधी, हे सगळ्यांना मान्य होतं. दादालाही मान्य होतं. कोणी घुसलं नाही, कोणी ओळख दाखवली नाही. सगळं नियमानं चाललं होतं.

सकाळी आईचा फोन गेला. गाडी घेऊन लवकर ये म्हणाली. दादानं विचारलं, काहून? ती म्हणाली, काही नाही, असंच. दादा म्हणाला, नंबर लागला की येतो.

दुपारी पुन्हा तेच. पुन्हा काही नाही, पुन्हा नंबर. दादाला वाटलं, हिला बाजारात जायचं असेल. तो पुढच्या गाड्या मोजत बसला. त्याच दुपारी मीही भंडाऱ्याहून घरी फोन केला होता. ताई कशी आहे विचारलं, तर आई म्हणाली, चांगली आहे, झोपून राहिली. माझे कानही तिनं मोजणीत धरले होते. याचा राग मला आजही येतो.

गावात दुसऱ्या गाड्या नव्हत्या असं नाही. पण गाडी मागायची म्हणजे कारण सांगावं लागलं असतं. दवाखान्याच्या फुकटच्या गाडीला फोन लावता आला असता, पण ती भोंगा वाजवत दारात येते आणि तिच्यामागे अर्धं गाव येतं. गावच्या आरोग्यसेविकेला, आशाताईला, बोलवायचं म्हणजे दवंडीच. पहिलटकरणीला वेळ लागतोच, तोवर घरची गाडी येईल, असा आईचा हिशोब होता. ती दार लावून ताईची पाठ चोळत बसली. ताईही दातांत पदर धरून गप्प राहिली, कारण तीही याच घरात वाढली होती.

उन्हं कलली तेव्हा तिसरा फोन गेला. आई नुसतं गाडी, गाडी म्हणत होती. कायले पायजे, असं दादा चिडून विचारत होता, तेवढ्यात मागून ताई ओरडलेली त्याला ऐकू आली. मग त्याला कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

पुढच्या ट्रॅक्टरवर एक अनोळखी म्हातारा शेतकरी बसला होता. दादा त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "माह्या बहिणीले कळा येऊन राहिल्या. घरची गाडी हे एकच आहे."

म्हातारा लगेच खाली उतरला. त्यानं मागच्यांना हाक घातली, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. हमाल काट्यावरचं पोतं तसंच टाकून आले. कोणी दादाचे कट्टे खांद्यावर घेऊन उतरवले, कोणी ट्रॉल्या नाल्याच्या कडेपर्यंत रेटल्या. ज्यांचा हक्क आधी होता तेही रेटायला लागले. चहा सांगितला असता तर तो यायच्या आत रस्ता मोकळा झाला होता. तुझं धान आम्ही पाहतो, तू नीघ, असं चारचौघे म्हणाले. दादा गाडीत बसला तेव्हा म्हाताऱ्यानं खिडकीत हात ठेवून एवढंच विचारलं, "सकाळी काहून नाही सांगतलं?"

साकोलीच्या दवाखान्यात ताईला नेईपर्यंत दिवस मावळला होता. मूल आडवं होतं. डॉक्टरांनी जेवढं करता येईल तेवढं केलं. ताई वाचली. मूल गेलं होतं. मुलगी होती. दुपारपर्यंत आणलं असतं तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले. आई तेव्हा आत ताईजवळ होती, म्हणून हे ऐकायला दादा एकटाच उभा होता.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पोचलो. दवाखान्यामागच्या चहाच्या टपरीवर दादानं मला हे सगळं सांगितलं. चहा निवून गेला तरी तो बशी हातात धरून होता. आत गेलो तर आई ताईच्या उशाशी बसली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तिथं मरणाची गर्दी होती म्हणते. अशा गर्दीत कोण कोणाले रस्ता देते?" दादानं औषधांची चिठ्ठी उचलली आणि तो बाहेर गेला.

काही दिवस मी घरीच राहिलो. ताईच्या अंगात दूध यायचं आणि तिला ताप भरायचा. आई तिची छाती घट्ट बांधून द्यायची. घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एका दुपारी नुसतं बसवेना म्हणून मी लॅपटॉप उघडला, आणि जे इतके दिवस दिसत नव्हतं ते समोरच पडलेलं दिसलं.

सर्वांत लहान आकड्याच्या थ्रेडनं एक वस्तू हातात धरली होती. सर्वांत मोठ्याला तीच वस्तू हवी होती, म्हणून तो थांबला होता. लहान्यानं काम उरकून ती सोडायची, एवढंच बाकी होतं. पण लहान्याचा नंबरच लागत नव्हता, कारण मधल्या आकड्याचे थ्रेड एकामागून एक येत होते. त्या मधल्यांना त्या वस्तूशी काही देणंघेणं नव्हतं. ते फक्त त्या लहान्याहून मोठे होते, आणि आपल्यामुळे वर कोण अडलंय हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्या कारभाऱ्यानं कुठंच चूक केली नव्हती. मला भडभडून आलं.

ताई उठून माझ्याशेजारी येऊन बसली. काय करतो म्हणून विचारलं. मी तिला यंत्रापुरतं सांगितलं. घरातलं काही बोललो नाही. यावर उपाय असा, म्हणालो, की मोठा अडला की त्यानं आपला आकडा लहान्याला उसना द्यायचा. मग मधले आपोआप मागे राहतात, लहान्याचं काम लगेच होतं, आणि मोठा सुटतो.

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पण मोठ्याले सांगा लागन ना, का मी अडून राहिलो म्हणून."

मी हो म्हणालो.

"मशीनले हे शिकवाले किती लिहा लागते?"

चार-पाच ओळी, मी म्हणालो. त्या तिच्यासमोरच लिहिल्या आणि प्रोग्राम चालवला. तो गोठला नाही. मला आनंद झाला नाही, आणि तिलाही त्याचं काही वाटलं नसावं. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"दादानं सांगतलं मले. लोकायनं कसा रस्ता देला ते. आईले नको सांगू."

आम्ही तिघांनीही ते पाळलं. त्या घरात काय झाकायचं हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलंच होतं. त्या वर्षी मला प्रोजेक्टात चांगले गुण मिळाले, दादाचं लग्न झालं. ताईला पुढे मूल झालं नाही.

आई आता थकली आहे. मागच्या दिवाळीत आम्ही सगळे घरी होतो, तेव्हा नात्यातली एक म्हातारी भेटायला आली आणि तिनं तो जुना विषय काढला. आईनं नेहमीचंच सांगितलं, की पोरगा सकाळपासून रांगेत होता, गर्दी मरणाची होती, तिथं कोण कोणाले रस्ता देते. एवढं बोलून ती कधी थांबत नसे, त्या दिवशी थांबली. एकेकाच्या तोंडाकडे बघत तिनं विचारलं, "नाही का रे?"

दादानं मान खाली घातली. मी म्हातारीपुढे फराळाची ताटली सरकवली. ताई तांदूळ निवडत बसली होती, तिनं सूप खाली ठेवलं.

"हाव आई," ती म्हणाली. "कोणीच नाही देत."