पाखंडी इव्हँडरचं वाचन

आमच्या गावात इव्हँडर तीन होते. एक होडीवाला, एक तांबड्या केसांचा आणि तिसरा पाखंडी. शेंबडी पोरंसुद्धा बिनदिक्कत म्हणायची, "पाखंडी इव्हँडरकडे आमची मेंढी गेलीय का बघून येतो." तो रागवायचा नाही. शेडच्या दारातून ओरडायचा, "आलीय रे, आलीय! पाखंड्याच्या हातात सापडलीय, आता तिचं काही खरं नाही!"

हे सगळं लुईस बेटावरचं, जिथं रविवार देवाचा, म्हणून त्या दिवशी दोरीवर साधा टॉवेल वाळत घालायची कुणाची छाती नव्हती. तिथं राहून हा माणूस सरळ सांगायचा की मी देव मानत नाही. वाद घालायचा नाही, कुणाला पटवायला जायचा नाही. विचारलं तर सांगायचा. आता असा माणूस शेजारी असला की चैन कसं पडणार? आम्ही कारणं शोधली. माझी सासू म्हणायची, भाऊ समुद्रात बुडाला म्हणून देवावर रुसलाय. ते काही जुळत नव्हतं, कारण भाऊ बुडाला तेव्हा हा तिशी ओलांडलेला होता आणि चर्चच्या दारातून परत फिरायला लागला होता चौदाव्या वर्षी. मी एकदा तोंडावरच विचारलं, "इव्हँडर, खरं सांग, तुझं झालं तरी काय?"

"काही नाही झालं गं," तो म्हणाला. "चर्चमध्ये बसून स्वतःच्या आत शोधलं, तिथं काही सापडलं नाही. सापडल्याचं नाटक करायला लाज वाटली. एवढंच."

एवढंच कसं असेल? माझा काही विश्वास बसला नाही.

लोक म्हणायचे, ज्याला वरच्याची भीती नाही तो काय वाट्टेल ते करेल. असं म्हणणारे तेच लोक प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चच्या मोठ्या सोहळ्याच्या, आठवड्यात शेजारच्या गावी जाताना घर, कोंबड्या आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या त्याच्या भरवशावर टाकून जायचे. मीही टाकून गेलेय. काहींचं म्हणणं, आतून तो मानतोच, नाहीतर रविवारी माग बंद का ठेवतो? तो घरच्या शेडमध्ये लोकरीचं कापड विणायचा, आणि तो माग असा खडखडायचा की टेकडीपलीकडे ऐकू जाई. मी त्यालाही छेडलं, "घाबरतोस ना मनातून?"

"तुझ्या नवऱ्याला घाबरतो," तो म्हणाला. "अगं, तुम्हाला आठवड्यातून एक दिवस शांतता हवी असते. माझा माग किती कटकट करतो ते मला माहीत नाही का?"

माझा नवरा टॉर्कील, चर्चचा पंच. त्याचं इव्हँडरशी लहानपणापासून जमायचं, आणि धर्मावरून तितकंच बिनसायचं. एका रविवारी आमची गाय अडली. वासरू पायाकडून येत होतं, टॉर्कील चर्चमध्ये, मी बांधावरून बोंब मारली. इव्हँडर धावत आला आणि दोन तास कोपरापर्यंत हात घालून झगडला. टॉर्कील काळ्या कोटात घरी आला तो वासरू उभं! तो म्हणाला, "इव्हँडर, देवानंच तुला पाठवलं रे."

"देवानं नाही, मर्डिनानं," इव्हँडर हात धूत माझ्याकडे बघून म्हणाला. "आणि तिचा आवाज देवापेक्षा मोठा आहे."

त्याची बायको केनिना माझी शाळेपासूनची मैत्रीण. पक्की श्रद्धाळू, प्रभुभोजनाला बसणारी. तिच्या वडिलांनी लग्नाआधी बजावलं होतं, "देव न मानणारा दारू पिईल, मारेल आणि टाकून देईल." इव्हँडरला अर्ध्या ग्लासात झोप यायची, आणि मारायचं म्हणाल तर तो माशी घराबाहेर हाकलायचा. एक्केचाळीस वर्षं संसार झाला. त्यातच मधे साखरेच्या आजारानं केनिनाचे डोळे गेले होते, आणि मी सांगतेय त्या वर्षीच्या वसंतात तिचं हृदयही थकलं. ती अंथरुणातून उठेना.

मला तिची फार दया यायची. आमच्याकडे प्रत्येक घरात संध्याकाळी जेवणानंतर ग्रंथ उघडतात. एक अध्याय वाचायचा, एक स्तोत्र गायचं. मला वाटायचं, बिचारी आंधळी, नवरा असला, तिच्या घरात कोण ग्रंथ उघडणार? मी कधी विचारलं मात्र नाही. दया करण्यात इतकी गुंतले होते की विचारायचं सुचलंच नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी, लख्ख उजेड होता अजून, मी मटणाचं सूप घेऊन निघाले. तिच्या खिडकीखाली जळणाचा ढीग रचलेला, तिथवर पोचले आणि पाय जागच्या जागी थांबले. आत कुणीतरी गात होतं. आमच्या स्तोत्राची रीत अशी की एकानं ओळ द्यायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. ओळ देत होता इव्हँडर! आणि केनिना तुटक्या आवाजात मागून उचलत होती. काय आवाज हो त्याचा! आमच्या चर्चमध्ये ओळ देणारा त्याच्यापुढे बेडूक वाटला असता. माझ्या अंगावर काटा आला.

शहाण्या बाईनं दार वाजवून सूप दिलं असतं. मी सूप तिथंच जळणावर ठेवलं आणि घरी पळाले.

"टॉर्कील! इव्हँडरला कूरम लागला!"

माणूस एकाएकी धर्माला लागला की आमच्याकडे असं म्हणतात, ताप भरल्यासारखं. टॉर्कील खुर्चीतून उठला, परत बसला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "पन्नास वर्षं मागत होतो," म्हणाला. मग मी शेजारणीला सांगितलं. तिनं तिच्या नणंदेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या गावात झालं की पाखंडी इव्हँडर गुडघ्यावर बसून ढसाढसा रडताना दिसला. गुडघे आणि रडणं मी घातलं नव्हतं, देवाशपथ. पण कुणी घातलं तेव्हा मी गप्प बसले.

संध्याकाळी टॉर्कील आणि मी त्यांच्याकडे गेलो. इव्हँडर स्वयंपाकघरात चहा करत होता. टॉर्कीलला धीर कुठला! पलंगापाशी बसून त्यानं केनिनाचा हात धरला. "केनिना, तुझी प्रार्थना फळाला आली गं. सगळं गाव आनंदलंय."

"कशानं?"

"इव्हँडर ग्रंथ वाचतो, स्तोत्र गातो. मर्डिनानं स्वतः ऐकलं."

"अरे, ते तो अकरा वर्षं करतोय," केनिना म्हणाली. "माझे डोळे गेल्यापासून. मीच त्याला सांगितलं होतं."

अकरा वर्षं! माझं तोंड उघडंच राहिलं. पण टॉर्कील पेटलेला होता. "ते असू दे. पण मर्डिना म्हणते, अंगावर काटा आला. श्रद्धेशिवाय असं गाता येतं का कुणाला? कदाचित त्याचं त्यालाही कळलं नसेल."

केनिनानं त्याच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघायला नको होतं. आशा आली. एक्केचाळीस वर्षं तिनं ती कुठं दडपून ठेवली होती कोण जाणे. तिच्या समजुतीप्रमाणे ती महिन्याभरात वर जाणार होती, आणि हा माणूस कधीच तिच्यामागे येणार नव्हता. हे दुःख तिनं मला, तिच्या सख्ख्या मैत्रिणीला, कधी बोलून दाखवलं नव्हतं.

इव्हँडर चहाचा ट्रे घेऊन आत आला.

"इव्हँडर," ती म्हणाली, "हे म्हणतात ते खरं आहे?"

टॉर्कील त्याच्याकडे डोळ्यांनी विनवत होता. मी मनात म्हणाले, म्हण हो. म्हणून टाक बाबा. तुला काय फरक पडतो? तुला ना पाप, ना नरक. एक शब्द, आणि ही सुखानं डोळे मिटेल.

त्यानं ट्रे ठेवला. कप खणखणले.

"नाही, केनिना," तो म्हणाला. "तुला दिसत नाही म्हणून मी वाचतो. तुला आवडतं म्हणून गातो. त्यापलीकडे काही नाही. असतं तर सगळ्यांत आधी तुला सांगितलं असतं."

केनिनानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाहेर अंगणात टॉर्कील त्याच्यावर तुटून पडला. "दगड आहेस तू! मरतेय ती! एक शब्द बोलला असतास तर काय जात होतं तुझं? तुला तर खोट्याची शिक्षा करणाराही कुणी नाही!"

"म्हणूनच," इव्हँडर म्हणाला. "तू खोटं बोललास तर माफी मागायला तुला वर कुणीतरी आहे, टॉर्कील. मला तीच आहे. तिला फसवून मी माफी कुणाकडे मागू?"

टॉर्कीलनं टोपी डोक्यावर ओढली आणि चालू लागला. त्या रात्री तो जेवला नाही.

त्यानंतर केनिनानं इव्हँडरला वाचू दिलं नाही. मला निरोप आला, तू ये. तीन संध्याकाळी मी जाऊन वाचलं. तो स्वयंपाकघरात बसून राहायचा, हात गुडघ्यांवर. दार उघडं असायचं. तिला पाणी तोच पाजायचा, कूस तोच बदलायचा, पण दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "माझंच चुकलं रे. माझ्या जिभेनं केलं हे."

वाटलं, तो म्हणेल, जाऊ दे. तो म्हणाला, "हो, तुझंच चुकलं. बटाटे सोलून दे."

मी बटाटे सोलून दिले. नाक ओढत सोलले.

चौथ्या दिवशी नर्स येऊन गेली आणि दारात मला हळूच म्हणाली, "आता दोन-तीन दिवस धरा." त्या संध्याकाळी क्रमानं आलेलं स्तोत्र नेमकं ते निघालं, ज्यात देव न मानणाऱ्यांना यथेच्छ नावं ठेवली आहेत. मी दाराकडे पाहिलं. इव्हँडरची पाठ दिसत होती. मी मुकाट्यानं पान उलटलं आणि पुढचं सुरू केलं.

"थांब," केनिना म्हणाली. "एक गाळलंस."

"अगं, मला वाटलं, तो ऐकतोय, उगाच कशाला..."

"त्यानं कधी गाळलं नाही." तिला धाप लागत होती, पण ती थांबेना. "अकरा वर्षांत वीसेक वेळा आलं असेल ते. मी दरवेळी कान देऊन पडायचे. म्हणायचे, आज एखादा शब्द तरी गिळेल. स्वतःला शिव्या असलेलं स्तोत्र त्यानं शब्द न् शब्द वाचलं, माझं आहे म्हणून. आणि तू, टॉर्कील पंचाची बायको, पानं उलटतेस. बोलव त्याला."

बोलवायची गरज नव्हती. तो दारात येऊन उभा होता.

"बस," ती म्हणाली. तो पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला. मी कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिले. जायला हवं होतं, पण पाय हलेनात.

"मी रागावले नव्हते," केनिना म्हणाली. "तू खोटं बोलशील याची मला भीती वाटली होती. आणि तू बोलला नाहीस, तर त्याचंही वाईट वाटलं. दोन्ही एकदम. कळतंय का?"

"कळतंय."

"मी तिथं जाईन आणि तू नसशील, इव्हँडर."

"माहीत आहे."

"तुला भीतीच वाटत नाही कशाची. सगळं गाव म्हणतं."

"गावाला काय कळतंय?" तो म्हणाला. "मला इथली भीती वाटते, केनिना. इथं तू नसशील."

असं म्हणून तो रडला. त्या माणसाला मी साठ वर्षं ओळखत होते. त्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. गुडघ्यावर वगैरे नव्हता तो. स्टुलावर वाकून, तोंडावर पालथा हात दाबून रडत होता.

केनिनानं चाचपडत त्याची बाही धरली. मग दुसऱ्या हातानं अंगावरची गोधडी ओढली आणि भिंतीकडे सरकायला लागली. इंच-इंच सरकत होती, दम खात. मला वाटलं तिला काही होतंय, मी पुढे झाले.

"तू घरी जा आता, मर्डिना," ती म्हणाली. "मी त्याला जागा करतेय."