आवराआवरीचा खर्च

अमेरिकेतल्या आमच्या राज्याला दीडशे वर्षं पूर्ण होणार म्हणून एक उत्सव-आयोग नेमायचं विधेयक विधिमंडळात आलं आणि त्याचा सरकारला किती खर्च येईल, हे काढायचं काम विधिमंडळाच्या हिशेब-ऑफिसात माझ्या टेबलावर पडलं. ऐंशीचं दशक, नोकरी नवी, आणि माझं ग्रीन कार्ड याच ऑफिसच्या हातात. ऑफिसात मला सगळे शांत स्वभावाचा समजत. मी घाबरलेला असे. लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

अंदाज मन लावून केला. कर्मचाऱ्यांचे पगार, सदस्यांचा प्रवास, छपाई, टपाल. शेवटी न विचारता आणखी एक रक्कम घातली: उत्सवानंतर सहा महिने दोन माणसं, सामान परत करायला आणि बिलं मिटवायला. बहिणीच्या लग्नात मांडववाला, भांडीवाला मीच निस्तरले होते, ती सवय.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी विधेयक पुन्हा वाचलं. शेवटचं कलम: वर्धापनदिनीच आयोग बरखास्त. म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या आयोगाचा पगार मी मागितला होता, आणि माझा कागद सुनावणी घेणाऱ्या सगळ्या सदस्यांकडे पोचला होता.

जेवताना बायको म्हणाली, "भाजी खारट झालीय का?"

"नोकरी जाणार बहुतेक."

"म्हणजे मीठ बरोबर आहे." मग माझ्याकडे नीट बघून, "अहो, झालं काय?"

सांगितलं.

"मग त्यांच्या खुर्च्या कोण उचलणार?"

"कायद्यात नाहीये ते."

"नसलं की खुर्च्या आपोआप घरी जातात का?"

मला काही धीर आला नाही. तिलाही नसावा, कारण भांडी झाल्यावर तिने कपाटातून आमचे पासपोर्ट काढून तारखा पाहिल्या.

सकाळी साहेब म्हणाले, "अंदाज तुझा, उत्तरही तूच दे." विधेयक आणणारे सेनेटर चांगले आडवेतिडवे गृहस्थ. चष्मा नाकावर आणून म्हणाले, "मिस्टर, आयोग मेल्यावर त्याला पगार द्यायचा म्हणता?"

सभागृह हसलं. रात्रभर पाठ केलेलं इंग्रजी उत्तर कुठे गेलं कुणास ठाऊक. तोंडातून बायकोचं वाक्य बाहेर पडलं.

"सर, मग खुर्च्या कोण उचलणार?"

कुणीच हसेना. साहेब छताकडे बघू लागले. मी मनात घर आवरायला घेतलं, आधी पुस्तकं, मग गाद्या.

सेनेटरांनी चष्मा काढला. "मुलीच्या लग्नात मीच उचलल्या होत्या," ते म्हणाले. "कंबर अजून दुखते." आणि आयोगाची मुदत सहा महिन्यांनी वाढवायची सूचना त्यांनी स्वतःच मांडली.

नोकरी वाचली. पण उत्सव संपल्यावर आवराआवरीला माणूस हवा होता, आणि तो कोण, हे साऱ्या विधिमंडळाला ठाऊक होतं. रिकाम्या मैदानात घड्या घातलेल्या खुर्च्या मी तिसऱ्यांदा मोजत होतो, बायको गाडीत वाट बघत होती. एक कमी भरत होती. पावतीवर सही माझी, आणि ग्रीन कार्ड अजून यायचं होतं.