पडद्यामागचं गुझेंग

मी घर सोडलं त्या दिवशी आई माझ्या पोस्टरांच्या बाह्या कापत होती.

अगदी शब्दशः. आमच्या खाडीत कारखाना घाण पाणी सोडायचा, मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागायचे आणि आम्ही पोरंपोरी पत्रकं काढायचो, पोस्टरं रंगवायचो. मजकूर माझा असायचा. लढा हरलो. कारखाना आहे तिथेच आहे, खाडी मात्र मेली. बाबांनी होडी विकली आणि मागोमाग त्यांचं हृदयाचं दुखणं सुरू झालं. माळ्यावरचे गठ्ठे आईने खाली काढले आणि पेपर कटिंगला, म्हणजे मापाचे नमुने कापायला, घेतले. ती ब्लाउज शिवते. ‘निषेध’ हा शब्द अख्खा शेजारच्या काकूंच्या दंडाच्या मापात बसला.

गाडी दारात येऊन उभी राहिली तरी तिने मशीन थांबवलं नाही. मान खाली घालूनच म्हणाली, “बाय, ऐक. फोन मी स्पीकरवर ठेवणार. बाबा ऐकणार. कशी आहेस विचारलं की बरी आहे म्हणायचं. जेवलीस का विचारलं की जेवले. बाकी रडणंबिडणं काय ते विमानात उरकून घे.”

मी उरकून घेतलं. शेजारच्या सीटवरच्या माणसाने आपला टिश्यूही मला दिला.

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहितेय. इथे दोह्यात, द पर्ल नावाच्या बेटावरच्या एका हॉटेलात मी ‘गेस्ट रिलेशन्स’ला लागले. त्या खात्याचं मराठी नाव हसणे. सकाळी स्टाफच्या बसमध्ये बसायचं, संगमरवरी लॉबीत उभं राहायचं आणि हसायचं. बस चालवणारे सलीममामा श्रीवर्धनचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, “बाय, तुझं तोंड मोर्च्यात चालेल, लॉबीत नाय चालायचं. जरा सैल सोड. यल्ला, चढ.”

त्या लॉबीत लिन होती.

लिन चीनमधल्या कुठल्याशा लहान गावची. ती गुझेंग वाजवायची. ते वाद्य म्हणजे माणसाएवढी लांब लाकडी पेटी. वर तारांची रांग, आणि प्रत्येक तारेखाली तिला उचलून धरणारी सुटी घोडी, हवी तशी सरकवता येणारी. उजव्या हाताच्या बोटांना ती चिकटपट्टीने नख्या बांधायची. उजव्या हाताने छेडायचं आणि डाव्या हाताने घोडीच्या पलीकडे तार दाबायची. मग सूर असा वळायचा की आपल्याला हाक मारून कोणी पुढे निघून गेलंय असं वाटावं. एसीच्या कोरड्या हवेत घोड्या हलायच्या. म्हणून ती रोज संध्याकाळी लवकर येऊन एकेक तार कानाने लावायची.

लोक थांबायचे, आणि कुठकुठले! एक जर्मन म्हातारा बॅग हातातच धरून उभा राहायचा. इजिप्तची एक बाई म्हणाली, हे तर आमच्याकडच्या कानून नावाच्या वाद्यासारखं. ब्राझीलचं एक जोडपं रडलं. जो तो म्हणे, हे आमचंच काहीतरी आहे. मलाही पहिल्या दिवशी संध्याकाळचा भूप आठवला. पाचच सुरांत सगळं जग कसं मावतं, कोण जाणे. हॉटेलने लगेच पाटी लावली, ‘संगीत ही जगाची भाषा आहे.’ ही भाषा बोलणारीला मात्र जेवायला तळघरातच जावं लागे. आम्हा सगळ्यांनाच.

स्टाफच्या दारापाशी एका कोपऱ्यातच माझ्या फोनला रेंज मिळायची. तिथून मी रोज घरी फोन करायचे आणि मागे लिन वाजवत असायची. आईला ते आवडायला लागलं. “तुझं ते चिनी लाव गो,” म्हणायची, जसा काही रेडिओच. मग मी फोन तिकडे धरायचे. इकडे गुझेंग, तिकडे शिलाई मशीन. बाबा मधेच ओरडायचे, “मशीन थांबव, ऐकू दे की!”

“बाय, जेवलीस का?”

“जेवले.”

“बरी आहेस ना?”

“बरी आहे.”

एका संध्याकाळी वाजवता वाजवता टक् असा आवाज झाला. एक घोडी घसरली होती. लिन थांबली, घोडी जागेवर बसवली, तार दोनदा छेडून पाहिली आणि पुन्हा सुरुवात केली. मी तिच्याकडे पाहून भुवया उडवल्या. तिने जीभ चावली. त्या दिवशी वेबसाइटसाठी रेकॉर्डिंग चालू होतं. नंतर तळघरात वरणासारखं काहीतरी ढवळत ती म्हणाली, “टुडे नो गुड. दे विल टेक अगेन, इन्शाल्ला.” इथे राहून तीही इन्शाल्ला म्हणायला शिकली होती.

पुढच्या आठवड्यात मंचापुढे सुंदर कोरीव जाळीचा पडदा आला. मॅनेजर म्हणाले, आर्टिस्टला प्रायव्हसी. याच सुमाराला माझी ड्यूटी बाहेरच्या दरवाजावर गेली आणि लिनची जेवणाची वेळ बदलल्याचं कोणीतरी सांगितलं. भेट होईना. पण संध्याकाळी स्टाफच्या दाराशी गेलं की गुझेंग वाजत असे. म्हणजे लिन आहे.

मग एक दिवस आई फोनवर म्हणाली, “ती बाई कालही इथंच अडली होती.”

“कोण?”

“तुझी चिनी. टक् झालं, थांबली, परत सुरू. काल तसंच, परवा तसंच. रोज त्याच जागी टाका सुटतो होय गो कोणाचा? टेप लावलीय ती.”

फोन तसाच चालू ठेवून मी पडद्यामागे गेले. मंचावर लिनचं वाद्य नव्हतं, दोन स्पीकर होते. सतरंजीवर चिकटपट्टीचा एक चुरगळलेला वेढा पडला होता, अजून बोटाच्या आकाराचा.

पडद्याच्या पुढे मोबाइल उंच धरून लोक तल्लीन उभे होते.

मी सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. कॉन्ट्रॅक्ट संपलं, रिन्यू केलं नाही, ती परत गेली. एवढं त्यांनी अगदी नीट सांगितलं. मी विचारलं, मग आवाज तिचाच कसा चालू आहे? ते म्हणाले, “कोणी तक्रार केली का?”

“मी करतेय.”

“तू गेस्ट नाहीस.”

ही दोन वाक्यं मी मुद्दाम जशीच्या तशी लिहिते. आखातावरचं सगळं वाङ्मय मला त्यांत सापडलं. तुमची गरज फक्त तुमच्यातला उपयोगाचा भाग काढून घेईपर्यंत. आवाज ठेवायचा, गळा परत पाठवायचा. खाडीचं पाणी ठेवलं आणि कोळी घालवले, तसंच.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, पत्रक काढते. सलीममामांनी आरशातून पाहिलं. “काढ. इथं कागद वाटायला जा, पयला कागद तुलाच मिळंल. परतीच्या तिकिटाचा. शुक्रन म्हणायलाबी वेळ नाय द्यायचे.” ते हसले. मी हसले नाही. मग आरशातून नजर काढून ते म्हणाले, “तोंडानं सांग. तोंडाला कागद लागत नाय.”

रात्री लिनला मेसेज केला. ती गावी मुलांना शिकवायला लागली होती. तिने एकच प्रश्न विचारला, कुठला दिवस वाजवतात? मी खरं लिहिलं, घोडी घसरली तो.  मग उत्तर आलं, “दॅट इज माय बॅड डे. प्लीज टेल पीपल, आय हॅव बेटर डेज.”

नोकरी गेल्याबद्दल एक अक्षर नाही. पैशाबद्दल नाही. सगळ्या जगाने आपल्याला ऐकावं आणि नेमका आपला वाईट दिवस ऐकावा, एवढंच तिला सलत होतं.

मग मी सांगायला लागले. दारातून बाहेर पडताना कोणी म्हणालं, किती सुंदर, की मी हसून सांगायचे, सर, हे रेकॉर्डिंग आहे. वाजवणारीला परत पाठवलंय आणि हा तिचा चांगला दिवस नव्हे. लोक चपापतील, रागावतील, निदान एखादा तरी काउंटरवर जाऊन विचारेल, असं मला वाटलं होतं. पत्रकं लिहून लिहून माणूस भाबडा होतो. ब्राझीलचं जोडपं गेलं होतं, त्यांच्या जागी दुसरं आलं होतं. नवऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, “स्टिल ब्यूटिफुल.” जर्मन म्हातारा तेवढा वळला, पडद्यामागे डोकावला आणि बॅग उचलून निघून गेला. पुन्हा लॉबीत थांबला नाही. माझ्या सगळ्या मोहिमेची कमाई हीच.

आठवडाभरात मला दरवाजावरूनही हलवलं. आता मी मागच्या इमारतीत धुलाईच्या गोदामात चादरी मोजून घेते. हसायला लागत नाही, तेवढंच सुख. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार की नाही, हे कोणी सांगत नाही आणि मी विचारतही नाही.

गोदामात रेंज मात्र छान आहे. परवा तिथून घरी फोन लावला.

“बाय, जेवलीस का?”

“जेवले.”

“बरी आहेस ना?”

“बरी आहे.”

तिकडे मशीन चालू होतं. मग आई म्हणाली, “आज मागे काही वाजत नाही ते.”

“जागा बदलली माझी.”

“का?”

मी समोरच्या चादरी पुन्हा मोजायला घेतल्या. पलीकडून बाबा खोकले. मशीन आणखी थोडं चाललं.

घर म्हणजे काय, यावर इथे येऊन मी बराच विचार केला. भिंती म्हणावं तर त्या शेजारच्यांच्याही तशाच आहेत. खाडी म्हणावं तर ती मेलीय. मला आता एवढंच कळतं, की सगळं जग जे ऐकून खूश होतं त्यात टेप कुठे लागलीय, हे ज्याला ओळखू येतं, तो माणूस बसलेला असतो ते घर. आणि मी इतके दिवस त्याच माणसाला रोज ‘जेवले’, ‘बरी आहे’ ही तीच दोन वाक्यं लावून दाखवत होते.

आईने मशीन थांबवलं. स्पीकर बंद केल्याचा खट् असा आवाज आला आणि तिचा आवाज एकदम जवळ आला.

“बाबा बाहेर पडवीत गेलेत. तू पण रोज त्याच जागी अडतेस बाय. आता खरं बोल.”